उद्यमबागेतलं बेअरिंगचं दुकान: रेट चढा, पण माल असतोच

बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं हे दुकान नव्हं, गोडाऊन आहे. आतल्या गल्लीत, काउंटरला उभं राहायला दोन फूट जागा, बाकी छतापर्यंत रॅक, धूळ बसलेले डबे, आणि दुकानाचे मालक मामा न बघताच हात घालून पायजे तो साइज काढणार. आमचं जॉबवर्कचं छोटं शेड आहे, दोन सीएनसी आणि एक जुना लेथ, त्यामुळं बेअरिंग, ऑइल सील, बेल्टसाठी महिन्यातनं दोनदा तरी चक्कर होतेच.

रेट आधीच सांगतो, ऑनलाइनपेक्षा जास्त. साधं 6205 नंबरचं बेअरिंग घेतलं तरी फरक दिसतो, आणि घासाघीस केली तर मामा हसून चहा मागवतात पण रुपया सोडत नाहीत. मी पण मधे शहाणपणा करून सगळं ऑनलाइन मागवायचो, स्टॉकमधे पैसा कशाला अडकवायचा म्हणून. मग जुलै 2021 ला निपाणीजवळ यमगर्णीत वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, तिकडं कोल्हापूरला शिरोलीत पंचगंगेचं, माझं पार्सल पुण्याकडनं निघालेलं कुठंतरी अडकलं, आणि नेमकं तेव्हाच सीएनसीच्या स्पिंडलचं (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) बेअरिंग ओरडायला लागलं. 7014, ते पण मॅच केलेली जोडी. मामांकडं होती!

"हा पुण्याचा माल नव्हं, हुबळीचा," म्हणाले. 2019 च्या पुरात हायवे बंद झाला तेव्हा हात पोळलेत त्यांचे, तेव्हापासनं चालणारे साइज पुणे आणि हुबळी दोन्हीकडनं उचलतात. हुबळीचा डीलर थोडा महाग पडतो तरी महिन्याला काहीतरी ऑर्डर टाकून खातं चालू ठेवतात, कारण बंद खात्याला अडचणीत कोण माल देतंय वो.

डेड स्टॉक म्हणून नावं ठेवणारे आहेत इथं (मी पण होतो). पण जस्ट इन टाइमवाल्या (म्हणजे लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच माल मागवणाऱ्या) टोयोटानंच 2011 च्या भूकंपानंतर चिपच्या सप्लायर लोकांना दोन ते सहा महिन्यांचा माल ठेवायला लावलेला, म्हणून पुढं चिपच्या टंचाईत बाकी कंपन्यांच्या लाइनी थांबल्या तरी हे बरेच महिने तगले. शेवटी सप्टेंबर 2021 ला त्यांना पण उत्पादन 40 टक्के कमी करावं लागलं. मामांच्या रॅकचं पण तेच, महिनाभर रस्ता बंद राहिला तर रिकामी होणारच.

एक तक्रार आहे. बेअरिंग पॅक न फोडता राहतं, रबर नाही राहत. एकदा दिलेलं ऑइल सील इतकं कडक झालेलं की बसवतानाच लिपला (सीलच्या आतल्या कडेला) चीर गेली. बदलून दिलं लगेच, आणि आता सीलच्या पुडीवर स्केचपेननं महिना-साल लिहिलेलं असतं.

फोनपे चालतं, उधारी नाही, गाडी खानापूर रोडलाच लावून चालत या. आणि शेवटच्या पीसवरनं भांडू नका. बी 52 चे तीन बेल्ट होते, मी तिन्ही मागितले तर मामा म्हणाले "दोन न्या की, एक राहू दे, उद्या कुणाचंतरी बंद पडंल." डोकंच फिरलं माझं, पैसे देतोय ना मी? गेल्या महिन्यात रात्री साडेआठला, शटर अर्धं खाली आलेलं असताना पळत गेलो बी 52 मागायला, तर तो एक तिथंच लटकलेला.