बोटावरचा ऑक्सिमीटर : खानापूरच्या वाड्यांना किती उपयोगी?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्या बचत गटाने बेळगावातील एका औषध दुकानातून ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे यंत्र घेतले आणि ते अजूनही वाडीत वापरात आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटी भागातल्या जंगलालगतच्या वाड्यांत मोबाईलला धड रेंज नसते, पावसाळ्यात रस्त्याची खात्री देता येत नाही आणि १०८ क्रमांकाला फोन लागला तरी रुग्णवाहिका येऊन सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत पोहोचेस्तोवर बराच वेळ जातो. अशा ठिकाणी रुग्णाला हलवण्याचा निर्णय काही तास आधी घेता येणे, ही या उपकरणाची खरी किंमत आहे. कोविडमध्ये धाप न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरू शकतो. रुग्ण बोलत असतो, चहा घेत असतो, त्यामुळे घरच्यांना धोका जाणवत नाही. अशा वेळी हा आकडा उपयोगी पडतो.

तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात आणि ऑक्सिजन घेतलेले व न घेतलेले हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते, यावरून यंत्र टक्केवारी काढते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शनानुसार ९० ते ९३ हा आकडा मध्यम आजाराचा, तर ९० च्या खालचा गंभीर आजाराचा मानला जातो. दोन्ही वेळा घरी थांबू नये. बसल्या जागी आकडा चांगला येत असला तरी रुग्णाला घरातच सहा मिनिटे चालवून पुन्हा पाहावे. ९४ च्या खाली गेला किंवा तीन अंकांनी उतरला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. मात्र ज्याला आधीच दम लागतो आहे, त्याला चालवू नये. त्याला आकडा काहीही असला तरी दवाखान्यात न्यावे.

आता दोष. आमच्या यंत्रावर आकडे एकाच दिशेने दिसतात आणि रुग्णाच्या समोर बसून वाचणाऱ्याला ते उलटे दिसतात. ९८ उलटे वाचले की ८६ होते आणि घरात विनाकारण घबराट उडते. पण ८६ उलटे वाचून ९८ समजले, तर माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून बटण दाबल्यावर आकडे फिरणारा ऑक्सिमीटरच घ्यावा. ऑक्सिजनच्या शेजारी नाडीचे ठोकेही दिसतात, तोच आकडा ऑक्सिजनचा समजून वाचणारे पुष्कळ आहेत. सोबतची माहितीपत्रिका फक्त इंग्रजीत होती. मराठी आणि कन्नडमध्ये चार ओळी छापणे कंपनीला मुळीच जड नव्हते.

बोट गार असेल तर आकडा कमी येतो किंवा येतच नाही. आमच्याकडच्या पावसात हे नेहमीच होते, म्हणून आधी हात चोळून ऊबदार करावेत. नखांचा रंग काढावा, हात स्थिर ठेवावा आणि आकडा ठरेपर्यंत निदान मिनिटभर थांबावे. चांगल्या यंत्रातही दोन-तीन अंकांचा फरक पडतो आणि सावळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. त्यामुळे ९४ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून ते उतरत आहेत का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप्स मात्र अजिबात वापरू नयेत.

ऑक्सिमीटर औषध ठरवत नाही, हेही सांगायला हवे. आकडा चांगला असताना तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढ्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना होतो, हे २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीने दाखवले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तरीही पहिल्या दिवसापासून ते घेणारे लोक २०२१ मध्ये गावोगावी होते, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये काळ्या बुरशीचा आजार वाढण्यामागे हेही एक कारण होते. आकडा उतरलेल्या रुग्णाला, त्याला झेपत असेल तर, गाडी येईपर्यंत पालथे झोपवावे. त्याने ऑक्सिजन काहीसा वाढू शकतो, पण म्हणून निघण्यास उशीर करू नये.

लस घेतल्याने संसर्ग पूर्णपणे टळत नाही. गंभीर आजाराचा आणि मृत्यूचा धोका मात्र बराच कमी होतो. म्हणून ऑक्सिमीटर घरात आहे या भरवशावर कोणी लस टाळू नये, आणि लस झाली आहे म्हणून वयस्करांचा, मधुमेही किंवा दम्याच्या रुग्णांचा आकडा पाहणेही सोडू नये. पुढच्या मात्रेची गरज आहे का, हे अशा रुग्णांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दुसऱ्या लाटेत या यंत्राच्या किमती भलत्याच चढल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये सरकारने त्यावरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. घेताना स्वस्तपणा पाहण्याऐवजी, दवाखान्यातल्या यंत्राशी आकडा ताडून घेण्याची मुभा देणारा दुकानदार पाहावा. वाडीत एकच यंत्र असेल तर ते आशा कार्यकर्तीकडे ठेवावे, प्रत्येक रुग्णानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे आणि वापर नसताना सेल काढून ठेवावेत, कारण ऐन वेळी सेल उतरलेले निघाले तर आमच्या भागात नवे मिळायला जांबोटीपर्यंत जावे लागते.