लघवीच्या दोन गोळ्या, कॅल्शियमच्या दोन वाटा

आईच्या औषधांच्या डब्यात वर्षभराच्या अंतराने दोन गोळ्या आल्या. आधी पायांच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड, मग बीपीसाठी क्लोरथॅलिडोन. घरात दोघींना एकच नाव, 'लघवीची गोळी'. आईला मुतखडा दोनदा होऊन गेलाय, हाडंही ठिसूळ झालीत. आणि कॅल्शियमच्या बाबतीत या दोन गोळ्या अगदी उलट वागतात.

किडनीत रोज साधारण १० ग्रॅम कॅल्शियम गाळलं जातं. लघवीतून जातं ते जेमतेम १०० ते ३०० मिलिग्रॅम, बाकीचं नलिका परत रक्तात ओढून घेतात. त्यातलं सुमारे ६५ टक्के पहिल्याच वळणदार भागात, सोडियम आणि पाण्याच्या मागोमाग जातं. २०-२५ टक्के हेन्लेच्या लूपच्या, म्हणजे नलिकेच्या यू आकाराच्या वळणाच्या, वर चढणाऱ्या जाड भागात. उरलेल्यातलं बरंचसं त्यापुढच्या नलिकेत, आणि तिथे किती परत घ्यायचं हे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक ठरवतं.

फ्युरोसेमाइड लूपवर काम करतं. तिथे सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकाच वाहकातून, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या एका दारातून, पेशीत शिरतात. पोटॅशियम लगेच नलिकेत परत झिरपतं आणि आतल्या द्रवावर थोडा धन विद्युतभार येतो. कॅल्शियमही धनभारित, त्यामुळे ते पेशींमधल्या फटींतून रक्ताकडे ढकललं जातं. गोळीने वाहक अडवला की भार मावळतो, आणि कॅल्शियम लघवीत वाहून जातं. अकाली जन्मलेल्या बाळांना हे औषध बरेच दिवस द्यावं लागलं, तर कधीकधी त्यांच्या किडनीत कॅल्शियम साचतं, ते यामुळेच.

क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड या थायाझाइड प्रकारच्या गोळ्या पुढच्या नलिकेतला सोडियम-क्लोराइडचा वाहक अडवतात. अंगातलं मीठ-पाणी किंचित घटतं. मग पहिला भाग सोडियम जास्त ओढू लागतो, आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमही परत येतं. हाच फरक दोन आनुवंशिक आजारांतही दिसतो. बार्टरमध्ये लूपचं काम बिघडतं आणि लघवीत सहसा कॅल्शियम वाढतं. गिटेलमनमध्ये पुढचा वाहक बिघडतो आणि ते घटतं.

म्हणून बीपी आहे आणि मुतखडा किंवा ठिसूळ हाडंही आहेत, अशा माणसासाठी माझा कौल थायाझाइडच्या बाजूने. पण फक्त खडा पुन्हा होऊ नये म्हणून घ्यायची, तर मी आता दहा वेळा विचार करेन. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या नोस्टोन चाचणीचा निकाल आला. वारंवार खडे होणाऱ्या ४१६ जणांना हायड्रोक्लोरोथायाझाइडचे रोज १२.५, २५ किंवा ५० मिलिग्रॅम किंवा नुसती बिनऔषधाची गोळी दिली होती. खडे पुन्हा होण्यात ठळक फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. मीठ भरपूर खाल्लं तर या गोळीचा जोर जातो. साधारण ६ ग्रॅम जादा मिठामागे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीत जातं. आमच्याकडे ताटात रोज लोणचं, पापड आणि खारवलेली मिरची असायचीच. ते सगळं आधी कमी केलं.

फ्युरोसेमाइडची जागा वेगळी आहे. हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरतं, तेव्हा थायाझाइड तिची बरोबरी करू शकत नाही. अशा माणसाने कॅल्शियमच्या भीतीने ती मनाने बंद करू नये. आईला मात्र असं काहीच नव्हतं. तिची सूज ॲम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीची होती. ही सूज अंगात पाणी वाढल्यामुळे येत नाही, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्यामुळे येते, म्हणून लघवी वाढवून ती फारशी उतरत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन कमी केली, फ्युरोसेमाइड थांबवली.

थायाझाइडही निर्धोक नाही. वयस्कर माणसांत सोडियम घसरतं, पोटॅशियम उतरतं, युरिक ॲसिड आणि साखर वाढू शकते. पोटॅशियम उतरलं की लघवीतलं सायट्रेट घटतं, आणि खडा अडवणारं तेच असतं. पॅराथायरॉइडचा दोष लपून बसला असेल तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, म्हणून गोळी सुरू करण्याआधी ते तपासायला सांगा. आईचं सोडियम तिसऱ्या आठवड्यात १३१ आलं, म्हणजे कमीच. चक्कर येते म्हणत होती, आम्ही उन्हाळ्यावर ढकललं होतं. डॉक्टरांनी डोस निम्मा केला. आता दर तीन महिन्यांनी सोडियम-पोटॅशियमची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतो.