कॅमेऱ्याची घरटी-पेटी: चित्र सुरेख, वायर भिकार

पक्ष्यांच्या घरट्यासाठीची, आत कॅमेरा बसवलेली ही पेटी झकास आहे, वायरिंगमध्ये मात्र कंजुषी केलीय. 12 व्होल्टची सोबतची बारीक वायर 20 मीटरच्या पुढे वाढवली की व्होल्टेज पडतं. दिवसा कळत नाही. रात्री अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागून जास्त वीज ओढू लागले की कॅमेरा सारखा बंद-चालू होत बसतो. आणि गारठ्याच्या रात्री मादी अंड्यांवर कशी बसून राहते, हेच तर बघायचं असतं! जाड वायर घ्या, नाहीतर सरळ नेटवर्क केबलमधून वीज घेणारं मॉडेल.

लाकूड 18 मिमी, तळाला निचऱ्याची भोकं, छप्पर पुढे आलेलं. प्रवेशाचं भोक 32 मिमी, म्हणजे चिमणीला पुरेसं. टिट या छोट्या पक्ष्यासाठी भोक लहान करणारी 28 मिमीची पट्टी मिळते. तोंड वाऱ्या-पावसाच्या विरुद्ध बाजूला ठेवा. वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, नाहीतर पाणी ओघळत थेट कनेक्टरमध्ये.

लेन्स लांबच्या फोकसवर लावून येते. घरटं असतं 15-20 सेंमीवर, त्यामुळे सगळं धूसर. रिंग जराशी फिरवली की गवताची काडीन्‌काडी दिसते. हे पेटी टांगण्याआधीच उरका; अंडी घातल्यावर काचेवर दव साचलं तरी झाकण उघडायचं नाही. पिल्लांना पहिला आठवडाभर स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, त्यात आई बिचकून उडाली तर संपलंच.

मोशन अलर्ट बंद ठेवा. मादीने मान वळवली तरी फोन वाजतो.