अर्थसंकल्पावर जास्त हक्क कुणाचा, सरकारचा की संसदेचा?

अर्थसंकल्प सरकारने मांडायचा आणि संसदेने मंजूर करायचा, इथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो मांडलेल्या आकड्यांना संसदेने हात लावावा का, आणि लावला तर किती, यावर.

ब्रिटिश वळणाच्या पद्धतीत खर्चाचा प्रस्ताव सरकारच आणू शकतं. खासदार रक्कम घटवायला सांगू शकतो, वाढवायला नाही. भारताने हीच रीत घेतली. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारा प्रस्ताव, लोकसभेत येत नाही. विरोधकांच्या हाती राहते कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम घटवण्याचा प्रस्ताव, आणि तिच्यावर हरणं म्हणजे बहुमत गमावणं, त्यामुळे सत्ताधारी ती मंजूर होऊ देत नाहीत. यात जबाबदारी स्पष्ट राहते: तूट वाढली तर जाब कुणाला विचारायचा हे सगळ्यांना माहीत असतं. पण छाननी पातळ होते. ठरलेल्या दिवशी ‘गिलोटिन’ लागतं आणि उरलेल्या मागण्या चर्चेविना पार होतात.

अमेरिकेत नेमकं उलटं. तिथे अध्यक्षांचा अर्थसंकल्प ही केवळ शिफारस; खर्चाचे कायदे काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, स्वतः लिहिते. अध्यक्ष निक्सन यांनी मंजूर निधी अडवून धरला, तेव्हा १९७४ च्या कायद्याने त्या अडवणुकीवर बंधनं घातली आणि काँग्रेसला स्वतःचं अर्थसंकल्प कार्यालय दिलं. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत घेण्याजोगी गोष्ट हे कार्यालयच. दुरुस्तीचा हक्क दिला, पण आकडे तपासायला स्वतंत्र तज्ज्ञ दिले नाहीत, तर खासदार सरकारी आकड्यांवरच विसंबून राहणार. तोटाही मोठा आहे. एकमत झालं नाही की कचेऱ्यांना कुलूप लागतं. २०१८-१९ मध्ये काही खाती ३५ दिवस बंद होती.

म्हणूनच अर्थसंकल्पाचे अधिकार ठरवणाऱ्या एखाद्या कायद्याचा मसुदा हाती आला की मी आधी एकच कलम शोधेन: मंजुरी वेळेत मिळाली नाही तर काय? चिलीत ६० दिवस उलटले की अध्यक्षांचा प्रस्तावच लागू होतो. उशीर झाला तर फायदा अध्यक्षांचा. जर्मनीत राज्यघटना सरकारला आवश्यक खर्च तात्पुरता चालू ठेवू देते. भारतात लेखानुदान, म्हणजे अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाला तात्पुरती मंजुरी, आहे, पण तेही लोकसभेनेच मंजूर करावं लागतं. दुरुस्तीचे अधिकार कितीही उदार लिहा, घासाघीस कोण जिंकणार हे या कलमावर ठरतं.

निवड माझ्यावर असती तर मी स्वीडनकडे बघितलं असतं. नव्वदच्या दशकातल्या आर्थिक संकटानंतर तिथे क्रम बदलला. संसद आधी एकूण खर्च आणि त्याची २७ क्षेत्रांतली वाटणी ठरवते. मग एखाद्या क्षेत्रात एका बाबीवर वाढ हवी असेल तर त्याच क्षेत्रात दुसरीकडे कात्री लावावी लागते. दुरुस्तीचा हक्क टिकतो, पण खैरातीला वाट राहत नाही. अल्पमतातल्या किंवा आघाडी सरकारांच्या देशात याचा उपयोग जास्त. एकाच पक्षाचं भक्कम बहुमत नेहमीचं असेल तर क्रम बदलून फार साधणार नाही; तिथे समित्यांना पुरेसा वेळ आणि लेखापरीक्षकाला सरकारपासून स्वातंत्र्य आधी मागा.