अरेनिग वाउर आणि ओएल १८: वेल्समध्ये डोंगर चढणार असाल तर हा नकाशा घ्याच

ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) नारिंगी पाठीचा एक्सप्लोरर नकाशा, क्रमांक ओएल १८. दिवाळीत लिव्हरपूलहून आलेल्या भाचीने आणून दिला. मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये पूर्ण उघडायचा तर टीपॉय सरकवावा लागतो. प्रमाण १:२५,०००, म्हणजे चार सेंटीमीटरला एक किलोमीटर.

सह्याद्रीत आपण दगडावरचे बाण बघतो, नाहीतर गुरांमागच्या मामांना विचारतो. वेल्समधल्या अरेनिग वाउर डोंगरावर दोन्ही नाही. उंची ८५४ मीटर, कळसूबाईच्या साधारण निम्मी, म्हणून हसू नका. गर्दी सगळी स्नोडनला, म्हणजे वेल्सच्या सगळ्यात उंच डोंगराला असते, इथे नुसत्या मेंढ्या. त्यांच्या वाटा इतक्या ठसठशीत, की माणसाची कुठली ते कळू नये.

इथे नकाशाचे पैसे वसूल होतात. शेताच्या भिंती आणि कुंपणंसुद्धा त्यात बारीक काळ्या रेघांनी दाखवली आहेत. वाटेतल्या तळ्यापर्यंत गाडीवाट आहे, तिथे चुकायला वाव नाही. आम्ही गेलो तेव्हा वर सोंडेवर धुकं असं उतरलं की पुढे चालणारी भाची दिसेना. तेवढ्यात तारेचं कुंपण आडवं आलं. नकाशात रेघ सापडली, समोच्च रेषा मोजल्या आणि कुठे उभे आहोत ते नक्की झालं. १:५०,००० च्या नकाशात ही कुंपणं नसतात.

एक मात्र समजून घ्या. हिरवी तुटक रेघ म्हणजे तिथून जायचा कायदेशीर हक्क. जमिनीवर वाट मळलेली असेलच असं नाही. मळलेली वाट काळ्या तुटक रेघेने दाखवतात. फिकट पिवळा भाग म्हणजे कुणालाही पायी हिंडायची मुभा.

माथ्यावर दगडी आडोसा आहे आणि ४ ऑगस्ट १९४३ ला इथे कोसळलेल्या अमेरिकन बी-१७ विमानातल्या आठ जणांची स्मृतिशिला. धुकं फाटलं तेव्हा खाली लिन केलिन हे धरणाचं तळं दिसलं. नकाशात नुसता निळा डाग, पण लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ साली कापेल केलिन गाव त्याच्या पोटात गेलं. भातसा-वैतरणाचं पाणी पिणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. भाची मात्र बराच वेळ गप्प होती.

वाऱ्यात अख्खा नकाशा उघडायच्या भानगडीत पडू नका. लागेल तेवढाच भाग वर राहील अशी घडी घरीच घाला आणि झिपलॉकच्या पिशवीत ठेवा. लॅमिनेट केलेलाही मिळतो, पण तो जड. मी कागदीच घेईन. मोबाईलवर उतरवायचा कोड आत असतो. होकायंत्र वेगळं घ्यावं लागेल. आणि स्नोडनच करायचा असेल तर हा नको, ओएल १७ मागवा.