पार्व्होसमोर कोण टिकतं? निवाऱ्यातल्या चार जंतुनाशकांची पारख

प्राण्यांच्या निवाऱ्यात स्वयंसेवकाच्या हाती सगळ्यात आधी बादली आणि ब्रश येतो, कुत्र्याची साखळी नंतर. त्या बादलीत काय ओतायचं, हे मात्र बऱ्याचदा जे आणून ठेवलेलं असेल त्यावर ठरतं. डब्यावरच्या ‘९९.९% जंतू मरतात’ या दाव्याचा इथे फारसा उपयोग नाही. खरी कसोटी म्हणजे उलट्या-जुलाबाने पिल्लांचा जीव घेऊ शकणारे दोन विषाणू: कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस (थोडक्यात पार्व्हो) आणि मांजरांचा पॅनल्युकोपेनियाचा विषाणू. या विषाणूंना बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे ते भलतेच चिवट असतात आणि जमिनीत कित्येक महिने टिकून राहतात. डब्याच्या बारीक अक्षरांत या दोघांपैकी एकाचं नाव शोधा. ते नसेल, तर वास कितीही ‘स्वच्छ’ येवो, उपयोग नाही.

आधी फिनाईल. मांजरं असतील तिथे ते दारातूनच परत पाठवावं. फिनॉल वर्गातली रसायनं निकामी करण्याची यकृताची वाट मांजरात फार कमकुवत असते. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते थेट पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होतं आणि वास येतो, एवढ्यावरच त्याची ख्याती उभी आहे.

बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी ‘क्वाट’ (क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली) रसायनं स्वस्त आहेत, धातू खात नाहीत आणि रोजच्या पुसण्याला पुरतात. पार्व्होवर मात्र त्यांचा भरवसा धरू नये. शिवाय त्यांच्या दोन खोडी आहेत. साबणाचा अंश फरशीवर राहिला तर ती निष्प्रभ होतात, आणि सुती मॉप त्यांना शोषून घेतो, म्हणजे बादलीत असतं तेवढं फरशीवर पोहोचतच नाही. प्रमाण चुकून जास्त झालं आणि मांजराने ते चाटलं, तर तोंडात फोड येतात.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, नीट वापरलं तर पार्व्होला मारतं. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ भागाला ३२ भाग पाणी, म्हणजे १० लिटर पाण्यात साधारण ३१० मिली. फरशी पूर्ण १० मिनिटं ओली राहायला हवी. दोनच मिनिटांत ती वाळत असेल तर पुन्हा ओता, कारण वाळलेलं ब्लीच काम करत नाही. मिश्रण रोज ताजं करा आणि उजेडापासून दूर ठेवा. उघडून बरेच महिने झालेल्या डब्यातलं ब्लीच नावापुरतंच उरतं.

ब्लीचची मुख्य अडचण म्हणजे ते साफ करत नाही. विष्ठा, लाळ, अन्न यांच्याशी गाठ पडली की त्यातला क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडतो. लघवीवर थेट ओतलं तर अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आणि प्राणी पिंजऱ्यातच असेल तर त्याला पळायलाही जागा नसते. आम्लयुक्त टॉयलेट क्लिनरशी तर ते कधीच मिसळू नये.

पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट, म्हणजे व्हिर्कॉन एसच्या जातीची गुलाबी पावडर, हीच आमची पहिली पसंती. १ टक्का द्रावण, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, आणि १० मिनिटं. थोडी घाण राहून गेली तरी ब्लीचपेक्षा जास्त तग धरते आणि पार्व्होवर चालते. एकदा केलेलं द्रावण आठवडाभर टिकतं. गुलाबी रंग उडाला की नवं करायचं, म्हणजे नवख्या स्वयंसेवकालाही तारीख विचारावी लागत नाही. महाग आहे, हे खरं. पावडर ओतताना ती नाकाडोळ्यांत जाते, म्हणून मास्क आणि चष्मा लागतो. कडी-कोयंड्यावर द्रावण वाळू दिलं तर धातू खराब होतो, तेव्हा वेळ भरली की धुऊन टाका.

कोणतंही घ्या, क्रम तोच. प्राणी बाहेर काढा, कोरडी घाण उचला, साबणाने घासा, धुवा, वायपरने पाणी ओढा, मग जंतुनाशक. दहा मिनिटांनी पुन्हा धुऊन कोरडं करा. पाणी ओढायचं राहिलं की आधीच मोजून केलेलं द्रावण फरशीवर आणखी पातळ होतं. ही चूक सर्वांत जास्त दिसते. पाइपाचा जोरदार फवारा टाळा, शिंतोड्यांबरोबर घाण शेजारच्या पिंजऱ्यात जाते. निरोगी पिल्लं आधी, मग मोठे प्राणी, विलगीकरणातले शेवटी, आणि तिथला ब्रश तिथेच.

मांजराचा पिंजरा रोज तळापासून धुऊन काढण्याची गरज नाही. तेच मांजर राहणार असेल तर मळलेला भाग पुसा, वाळूचं भांडं साफ करा, अंथरूण राहू द्या. ओळखीचा वास रोज पुसला गेला की मांजर ताणात येतं, आणि ताणामुळे शरीरात दबलेला मांजरांचा हर्पीस विषाणू डोकं वर काढतो. मग शिंका आणि डोळ्यांतून पाणी सुरू होतं.

मातीचं अंगण असेल तर या चारांपैकी कुणालाच गुण देता येत नाहीत. मातीत कोणतंही रसायन धड काम करत नाही. पार्व्होचं पिल्लू तिथे बसलं असेल, तर लस पूर्ण न झालेल्या पिल्लांना त्या अंगणात निदान काही महिने सोडू नये.