मांतेन्याचं ‘दफन’ की मार्कान्तोनियोची ‘बालकांची कत्तल’: पेनाने कॉपी करायला कुठलं घ्यावं?

हॅचिंगचा, म्हणजे जवळजवळ रेघा ओढून छाया टाकण्याचा, हात बसावा म्हणून रेनेसाँसमधल्या एखाद्या इटालियन एनग्रेव्हिंगची (तांब्याच्या प्लेटवर रेघा कोरून छापलेल्या चित्राची) कॉपी करायची ठरवलीत, तर निवड बहुधा या दोघांत येऊन अडते. एक, आंद्रेआ मांतेन्याचं आडवं ‘ख्रिस्ताचं दफन’, साधारण १४६५ ते १४७५ च्या दरम्यानचं. दुसरं, चित्रकार राफाएलच्या रेखाटनांवरून मार्कान्तोनियो राइमोंदीने १५१० नंतरच्या चार-पाच वर्षांत कोरलेली ‘निष्पाप बालकांची कत्तल’, बायबलमधल्या हेरोद राजाच्या हुकुमावरून झालेल्या हत्याकांडाची. दोन्हींत गर्दी आहे, आकांत आहे, आणि आकारही जवळपास सारखाच. गंमत म्हणजे राफाएलने रोमच्या बोर्गेझे संग्रहातलं १५०७ चं ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र करताना मांतेन्याच्याच या रचनेचा आधार घेतला होता, त्यामुळे दोन्ही एकाच घराण्यातली म्हणायला हरकत नाही. कॉपी करायला बसलं की मात्र फरक जाणवतो.

मांतेन्याची रेषा सोपी वाटते. सगळी छाया एकाच दिशेच्या तिरक्या समांतर रेघांची, आणि दोन ठळक रेघांच्या मधून किंचित वेगळ्या कोनात जाणारी एक बारीक रेघ. पेनाने भराभर छाया टाकताना हात परत येतो तशी. आडव्या-उभ्या जाळ्या जवळपास नाहीतच. नवख्याला वाटतं, हे जमेल. आणि जमतंही, निदान कपड्यांच्या चुण्यांपर्यंत. उजव्या टोकाला तोंड उघडून आक्रोश करणारा ख्रिस्ताचा शिष्य योहान, शुद्ध हरपलेली त्याची आई मरिया, डावीकडे शवपेटीवर कोरलेली ‘मानवजातीच्या तारणहारास’ या अर्थाची लॅटिन अक्षरं. भावनेच्या बाबतीत मार्कान्तोनियो याच्या जवळपासही जात नाही, हे प्रामाणिकपणे मान्य.

गोची आहे ती त्या मधल्या बारीक रेघांची. त्या उथळ खणलेल्या, काही ठिकाणी तर ड्रायपॉइंटने, म्हणजे टोकदार सुईने, नुसत्या ओरखडलेल्या. ड्रायपॉइंटच्या रेघेच्या कडेला तांब्याचा खरखरीत कंगोरा उठतो, त्यात शाई धरते आणि रेघ मऊ उमटते. छापताना प्रत्येक वेळी प्लेट पुसली जाते आणि दाबाखाली जाते, तसा हा कंगोरा थोड्याच प्रतींत झिजतो. मग उथळ रेघा जातात आणि खोल तेवढ्या उरतात. परिणामी सुरुवातीची प्रत राखाडी, मखमली दिसते, तर उशिराची प्रत नुसती पट्ट्यापट्ट्यांची. आपण डाउनलोड केलेली प्रत यातली कुठली, हे एकट्या प्रतीकडे बघून कळणं अवघड. मांडीवरचा पांढरा भाग मांतेन्याने मुद्दाम सोडला की प्लेट झिजल्यामुळे तिथे उजेड पडला? कॉपी करणाऱ्याला दर चौरस इंचाला हा प्रश्न पडतो आणि उत्तर स्वतःच ठरवावं लागतं. शिकण्याच्या टप्प्यावर हा वैताग परवडत नाही. माझं पारडं मार्कान्तोनियोकडे झुकलं ते मुख्यतः यामुळे.

मार्कान्तोनियोने जर्मन चित्रकार ड्यूररच्या कामाच्या नकला करून करून हात तयार केला होता. त्याची पद्धत ‘कत्तली’त उघड वाचता येते. आधी बाह्यरेषा. मग स्नायूच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या रेघांचा पहिला थर. छायेत त्याला तिरका छेद देणारा दुसरा थर, असा की मधे चौकोन न पडता लांबट शंकरपाळे पडावेत. काटकोनात छेदलंत तर तिथे चाळणी दिसते, मांस नाही. उजेडाकडे जाताना रेघ निमुळती होते, तुटते आणि शेवटी ठिपके उरतात. झिजलेल्या प्रतीतही हा सांगाडा टिकतो, कारण मुख्य रेघा खोल आहेत.

सुरुवात एखाद्या शिपायाच्या पोटरीपासून करा, ५-६ सेंमीचा तुकडा पुरे. फाइनलायनरने (बारीक टोकाच्या फेल्ट पेनाने) करू नका. ब्युरिनची, म्हणजे प्लेट कोरायच्या अवजाराची, रेघ मधे फुगते आणि टोकाला निमुळती होते, फाइनलायनरची एकाच जाडीची राहते आणि सगळं तारेच्या जाळीसारखं कोरडं होतं. डिप पेन, बारीक लवचीक निब आणि गुळगुळीत ब्रिस्टल कागद घ्या. साध्या कार्ट्रिज कागदावर शाई फुटते. वळणदार रेघेसाठी मनगट फिरवण्यापेक्षा कागद फिरवा. कोरणारेही ब्युरिन स्थिर धरून चामड्याच्या उशीवर प्लेटच फिरवतात.

प्रिंट काढताना एक बघा. ‘कत्तल’ साधारण २८ × ४३ सेंमी आहे, म्हणजे ए-३ वर सेंटिमीटरभराने बसत नाही. दुकानदार ‘फिट टू पेज’ करतो, रेघा आणि प्रिंटरचे ठिपके यांचा मेळ बिघडतो आणि छायेत लाटा उठतात. १२ × १८ इंची शीटवर शंभर टक्के आकारात काढायला सांगा. मांतेन्या सुमारे ३० × ४४ सेंमी, त्याला १३ × १९ इंचीच लागेल. फाइल रुंदीला किमान ५००० पिक्सेलची हवी, म्हणजे जवळपास ३०० डीपीआय (इंचाला तितके ठिपके) मिळतात. लाटा तरीही आल्याच तर मोठ्या फाइलवरून, राखाडी छटा न ठेवता, निव्वळ काळं-पांढरं करून छापा. मार्कान्तोनियोला ते चालतं, मांतेन्याच्या फिक्या रेघा मात्र त्यात साफ उडतात.

आणखी एक घोळ. ‘कत्तली’च्या प्लेट दोन आहेत. एकीत वर उजवीकडे छोटं सूचिपर्णी झाड आहे, दुसरीत नाही. दुसरी कोणाच्या हातची याबद्दल जाणकारांत एकमत नाही. अभ्यासाला दोन्ही चालतील, फक्त अर्धी कॉपी एकीवरून आणि अर्धी दुसरीवरून करू नका, रेघा जुळणार नाहीत. झाड असलेली सहसा आधीची मानतात, मी तीच घेईन.

मार्कान्तोनियोची उणीव सांगायलाच हवी. मधोमध मूल उराशी धरून आपल्याकडे धावत येणाऱ्या आईचा आकांत तेवढा पोचतो. बाकीचे देह इतके आखीव की ते मारताहेत की पवित्रे घेताहेत, असा प्रश्न पडावा. मागचा रोममधला पूल तर थेट पाठ्यपुस्तकी. चेहऱ्यांसाठीच कॉपी करायची असेल तर मांतेन्याच घ्या, पण योहानाच्या डोक्याखांद्यापुरताच, आणि निदान दोन वेगवेगळ्या संग्रहालयांच्या प्रती शेजारी ठेवून. जी रेघ दोन्हींत आहे ती आधी काढा. एकीतच दिसणारी रेघ शेवटी, पाणी घातलेल्या फिक्या शाईने.